स्विचच्या स्टॅकची कॉन्फिग फाइल सांभाळताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर इथल्या कारखान्यांत किंवा दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये आयटीचं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला बहुतेक वेळा नेटवर्क तयारच मिळतं. रॅकमध्ये एकाखाली एक तीन-चार स्विच, मागून जाड स्टॅक केबलने जोडलेले, म्हणजे सगळे मिळून एकाच स्विचसारखे चालणारा ‘स्टॅक’, आणि ते बसवणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला. सगळं चालू असतं तोवर कुणी तिकडे बघत नाही. एखादा स्विच जळाला, किंवा लाइट जाऊन आली आणि काही पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) दिसायला लागले, की मग कॉन्फिग फाइल (स्विचची सेटिंग लिहिलेली फाइल) शोधायची धावपळ सुरू होते. ती वेळ येण्याआधी काय करून ठेवायचं आणि वेळ आलीच तर कोणत्या क्रमाने हात घालायचा, ते इथे लिहितो आहे.

उदाहरणं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५०, ३८५० आणि ९३०० या मालिकांची आहेत. इतर कंपन्यांच्या स्टॅकमध्ये आज्ञा वेगळ्या असतात, त्यामुळे तिथे आज्ञा जशाच्या तशा वापरू नका. काय तपासायचं याचा क्रम मात्र उपयोगी पडेल. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, स्विचवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या.

एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात बसवा. स्टॅकमध्ये कितीही स्विच असले तरी कॉन्फिग फाइल एकच असते, आणि त्या एका फाइलमध्ये स्टॅकचं सगळं नसतं. पुढे जे जे घोळ सांगितले आहेत, त्यातले बरेचसे या वाक्याचा दुसरा भाग विसरल्यामुळे होतात.

सुरुवातीला जवळ काय हवं

• कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी), आणि लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर. त्याचा ड्रायव्हर ऑफिसमध्ये नेट चालू असतानाच टाकून घ्या.
• पुट्टी किंवा तसाच टर्मिनल प्रोग्राम. कन्सोलची सेटिंग: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.
• टीएफटीपी किंवा एससीपी सर्व्हर, स्विचवरच्या फाइली उतरवून घ्यायला. विंडोजवर टीएफटीपीडी६४ पुरेसा आहे.
• एनेबल पासवर्ड (सेटिंग बदलायचा पूर्ण अधिकार देणारा). तोंडी सांगितलेला चालणार नाही, स्वतः लॉगिन करून खात्री केलेला हवा.
• प्रत्येक स्विचचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर, खरेदीचं बिल आणि सपोर्ट करार असल्यास त्याची मुदत.
• लेबल मशीन. नसेल तर पांढरी टेप आणि मार्कर.
• बदल करायची लेखी परवानगी. कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजरचा दोन ओळींचा मेल असला तरी चालतो, पण असू द्या.

१. आधी स्टॅक ओळखा

कन्सोल लावा आणि ‘शो स्विच’ द्या. एक छोटा तक्ता येतो: स्विच नंबर, भूमिका, मॅक ॲड्रेस, प्रायॉरिटी, हार्डवेअर व्हर्जन आणि सद्यस्थिती. ३७५० मध्ये भूमिका मास्टर (स्टॅकचा कारभार चालवणारा) आणि मेंबर अशा असतात. ३८५० आणि ९३०० मध्ये ॲक्टिव्ह (म्हणजे मास्टरच), स्टँडबाय (त्याची जागा घ्यायला तयार) आणि मेंबर. स्थितीच्या रकान्यात सगळीकडे ‘रेडी’ हवं. ‘प्रोव्हिजन्ड’ दिसलं तर त्या नंबरची जागा कॉन्फिगमध्ये राखलेली आहे पण स्विच प्रत्यक्षात जोडलेला नाही. ‘व्ही-मिसमॅच’ म्हणजे त्या स्विचवरचं सॉफ्टवेअर बाकीच्यांशी जुळत नाही.

आता रॅककडे बघा. सगळ्यात वरचा स्विच एक नंबरचाच असेल असं धरून चालू नका. मेंबर नंबर आणि रॅकमधली जागा यांचा काहीच संबंध नसतो. मधला स्विच एक नंबरचा आणि वरचा तीन नंबरचा असं सर्रास सापडतं. पुढच्या बाजूचं मोड बटण दाबत ‘स्टॅक’च्या दिव्यावर आणलं की पोर्टचे दिवे मेंबर नंबर दाखवतात: त्या स्विचचा स्वतःचा नंबर ज्या पोर्टचा, तो दिवा लुकलुकतो. तक्त्यातला मॅक ॲड्रेस स्विचवरच्या स्टिकरशी ताडून बघितलात तर शंकाच उरत नाही. लगेच प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला मोठ्या आकड्यात लेबल लावा. रात्री फोनवरून सिक्युरिटी गार्डला ‘दोन नंबरच्या स्विचची सातवी केबल काढा’ असं सांगायची वेळ येते, तेव्हा या लेबलची किंमत कळते.

त्यानंतर ‘शो स्विच स्टॅक-पोर्ट्स’. प्रत्येक स्विचला मागे दोन स्टॅक पोर्ट असतात आणि शेवटच्या स्विचची केबल परत पहिल्याला येऊन रिंग पूर्ण व्हायला हवी. एखादा पोर्ट ‘डाउन’ असेल तर स्टॅक चालतो, पण निम्म्या बँडविड्थवर, आणि आणखी एक केबल सैल झाली की तो दुभंगतो. इथे काही सापडलं तर पुढे जाण्याआधी ते दुरुस्त करा.

२. फाइलमध्ये काय आहे आणि काय नाही

रनिंग-कॉन्फिग मेमरीत असते, चालू कारभार तिच्यावर. स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये (लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) असते आणि बूट होताना वाचली जाते. स्टॅकमध्ये या दोन्हींचा मालक मास्टर किंवा ॲक्टिव्ह स्विच. तो गेला तर दुसरा त्याची जागा घेतो, आणि त्याच्याकडेही प्रत पोचलेली असल्यामुळे काम पुढे चालू राहतं.

पोर्टची सेटिंग मेंबर नंबराशी बांधलेली असते. गिगाबिट इथरनेट २/०/५ म्हणजे दोन नंबरच्या स्विचचा पाचवा पोर्ट. ही सेटिंग लोखंडी डब्यात नसते, ‘दोन नंबर’ या जागेची असते. म्हणून त्या जागी त्याच मॉडेलचा दुसरा स्विच दोन नंबर घेऊन आला तर पोर्टची सगळी सेटिंग त्याला आयती मिळते. नंबर वेगळा घेऊन आला तर काहीच मिळत नाही.

फाइलच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी अशा:

• मेंबर नंबर आणि प्रायॉरिटी. या प्रत्येक स्विचच्या स्वतःच्या पोटात साठवलेल्या असतात. ‘राइट इरेज’ (स्टार्टअप-कॉन्फिग पुसायची आज्ञा) मारून स्विच कोरा केला तरी त्या पुसल्या जात नाहीत. जुना, वापरलेला स्विच घेताना हे फार महत्त्वाचं.
• व्हीलॅनची यादी. व्हीटीपी म्हणजे स्विचनी व्हीलॅनची यादी एकमेकांना कळवायची पद्धत. तिच्या सर्व्हर मोडमध्ये ती यादी फ्लॅशमधल्या (स्विचच्या कायमच्या साठ्यातल्या) ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या फाइलमध्ये असते, कॉन्फिगमध्ये दिसत नाही. व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडमध्ये मात्र ती रनिंग-कॉन्फिगमध्ये येते. एकाच जागी दोन-तीन स्टॅक असलेल्या साध्या नेटवर्कसाठी मला ट्रान्सपरंट मोडच बरा वाटतो: बॅकअप पूर्ण होतो आणि दुसऱ्या स्विचमुळे व्हीलॅन उडायची भीती राहत नाही.
• एसएसएचची (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनची) खासगी की. बॅकअपवरून पूर्ण नवा स्टॅक उभा केला तर एसएसएच चालणार नाही. ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ पुन्हा द्यावं लागतं.
• सॉफ्टवेअर इमेज (स्विच ज्यावर चालतो ती सॉफ्टवेअरची फाइल) आणि लायसन्स.

ही यादी छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.

३. सेव्ह करण्याआधी फरक बघा

नवा माणूस रुजू झाला की उत्साहाने ‘राइट मेमरी’ (सेव्ह करायची आज्ञा) मारतो. थांबा. आधीच्या माणसाने एखादा बदल तात्पुरता करून मुद्दाम सेव्ह न केलेला असू शकतो. उलटंही होतं: वर्षभर चालू असलेली गोष्ट कधी सेव्हच झालेली नसते आणि लाइट गेल्यावर ती उडते.

‘शो रनिंग-कॉन्फिग’च्या अगदी वरच्या ओळी वाचा. शेवटचा बदल कधी आणि कुणाच्या लॉगिनने झाला, आणि एनव्हीरॅममध्ये शेवटचं सेव्ह कधी झालं, अशा दोन वेळा तिथे असतात. बदलाची वेळ सेव्हच्या वेळेनंतरची असेल तर काहीतरी सेव्ह व्हायचं राहिलं आहे. नेमकं काय ते बघायला ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’ देऊन पुढे स्टार्टअप आणि रनिंग या दोन्ही फाइलींची नावं द्या. वाढलेल्या ओळींपुढे अधिकचं चिन्ह येतं, गेलेल्या ओळींपुढे उणेचं. प्रत्येक ओळ समजेपर्यंत सेव्ह करू नका, पण निर्णय लांबवूही नका, कारण आपल्याकडे वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

या वेळा खऱ्या असायला स्विचचं घड्याळ बरोबर हवं. ३७५० सारख्या जुन्या स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बूट झाल्यावर ते १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतं. लॉगमध्ये १९९३ साल दिसलं तर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावलेलं नाही असं समजा. एनटीपी सर्व्हर द्या आणि ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ ही ओळ घाला.

४. बॅकअप स्टॅकच्या बाहेर न्या

सोपा मार्ग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी’. सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव विचारलं जातं. नावात स्टॅकचं नाव आणि तारीख घाला, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘न्यू फायनल’ अशी नावं देऊ नका.

टीएफटीपी चालत नसेल तर बहुधा पुढच्या दोनपैकी एक कारण असतं. लॅपटॉपची फायरवॉल यूडीपी ६९ पोर्ट अडवते. किंवा ३८५०/९३०० च्या मागच्या मॅनेजमेंट पोर्टला लॅपटॉप लावलेला असतो, आणि तो पोर्ट मॅनेजमेंट व्हीआरएफ या वेगळ्या राउटिंग टेबलमध्ये असतो. आज्ञेत त्या व्हीआरएफचं नाव दिल्याशिवाय सर्व्हर सापडत नाही.

टीएफटीपीला लॉगिन नसतं आणि फाइल उघडीच जाते. कॉन्फिगमध्ये एसएनएमपीची (लांबून देखरेखीची) कम्युनिटी, म्हणजे तिचा परवलीचा शब्द, युजरची नावं, पासवर्ड असतात. ‘७’ हा आकडा पुढे असलेले पासवर्ड दिसायला गुंतागुंतीचे असले तरी कुणालाही क्षणात उलगडता येतात. त्यामुळे रोजच्या बॅकअपसाठी एससीपी वापरा, आणि फाइली सगळ्यांना उघडणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. व्हेंडरला मदतीसाठी पाठवताना लोक सर्रास असं करतात.

हाताने बॅकअप घेणं पहिले काही दिवस जमतं, मग राहून जातं. ‘आर्काइव्ह’ विभागात ‘पाथ’ द्या आणि खाली ‘राइट-मेमरी’ ही ओळ घाला. यानंतर कुणीही सेव्ह केलं की एक प्रत आपोआप त्या पाथवर जाते. ‘टाइम-पीरियड १४४०’ घातलंत तर दर १४४० मिनिटांनी, म्हणजे दिवसातून एकदा, बदल नसला तरी प्रत निघते. इथे एक खास स्टॅकचा सापळा आहे. पाथ ‘फ्लॅश’ दिलात तर फाइली फक्त त्या वेळच्या ॲक्टिव्ह स्विचच्या फ्लॅशमध्ये जातात. उद्या तोच स्विच जळाला आणि दुसरा ॲक्टिव्ह झाला, तर ‘फ्लॅश’ म्हणजे आता नव्या ॲक्टिव्हची फ्लॅश, आणि तिथे तुमची एकही प्रत नसते. पाथ बाहेरच्या सर्व्हरचाच द्या.

स्टॅक अनेक असतील तर ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड हे मोफत प्रोग्राम लिनक्सवर बसवा. ते ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचमध्ये लॉगिन करून कॉन्फिग आणतात आणि आधीच्या प्रतीशी फरक जपून ठेवतात. कुठली ओळ केव्हा बदलली ते मागे जाऊन बघता येतं.

कॉन्फिगबरोबर आणखी एक मजकूर-फाइल ठेवा. पुट्टीत लॉगिंग चालू करा, आधी ‘टर्मिनल लेंग्थ ०’ द्या म्हणजे मध्ये मध्ये ‘मोर’च्या ओळी घुसत नाहीत, आणि मग एकापाठोपाठ: शो स्विच, शो व्हर्जन, शो इन्व्हेंटरी, शो व्हीलॅन ब्रीफ, शो व्हीटीपी स्टेटस, शो इंटरफेसेस स्टेटस, शो सीडीपी नेबर्स. दुसऱ्या पायरीत फाइलच्या बाहेर राहणारं जे सांगितलं, त्यातलं बरंचसं या फाइलमध्ये येतं. दर तिमाहीला ती नव्याने काढा.

५. प्रायॉरिटी आणि मॅक आधीच ठरवा

प्रायॉरिटी १ ते १५ असते, मुळात सगळ्यांची १. मास्टर कोण ते स्विच आपसात निवडणुकीने ठरवतात, आणि तिच्यात मोठी प्रायॉरिटी जिंकते. सगळ्यांची १ च राहिली तर शेवटी लहान मॅक ॲड्रेसवर निकाल लागतो, म्हणजे बरेचदा सगळ्यात जुना स्विच मास्टर होतो. एका चांगल्या यूपीएसवर असलेल्या स्विचला १५ द्या, दुसऱ्याला १४, बाकीचे तसेच ठेवा. अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या मुख्य केबल) या दोघांवर वाटून घ्या. नवी प्रायॉरिटी लगेच मास्टर बदलत नाही, पुढच्या निवडणुकीला लागू होते.

३७५० मध्ये प्रायॉरिटी आणि रीनंबरच्या आज्ञा ग्लोबल कॉन्फिग मोडमध्ये द्यायच्या, ३८५० आणि ९३०० मध्ये त्या एक्झेक मोडमध्ये, म्हणजे ‘कॉन्फ टी’ न करता. जुन्या मालिकेवर शिकलेला माणूस नव्या मालिकेवर इथे हमखास अडतो.

‘स्टॅक-मॅक पर्सिस्टंट टायमर ०’ ही ओळही घाला. नाहीतर मास्टर बदलल्यावर स्टॅकचा मॅक ॲड्रेस बदलू शकतो, आणि त्या पत्त्यावर अवलंबून असलेली साधनं काही काळ गोंधळतात.

६. परतीची वाट ठेवून बदल करा

सिन्नरच्या साइटवर नाशिकमधून लांबूनच काम करताना चुकीची ॲक्सेस लिस्ट (कुणाला आत सोडायचं याचे नियम) लागली की आपलंच कनेक्शन तुटतं, आणि मग गाडी काढावी लागते. त्यावर उपाय स्विचमध्येच आहे. आर्काइव्ह लावलेला असेल तर ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०’ असं आत शिरा. बदल करा. सगळं ठीक असेल तर ‘कॉन्फिगर कन्फर्म’ द्या. १० मिनिटांत कन्फर्म आलं नाही तर स्विच आपणहून आधीच्या कॉन्फिगवर परत जातो, रीबूट न होता.

‘रीलोड इन १०’ ही जुनी युक्तीही चालते, पण ती पूर्ण स्टॅक रीलोड करते, आणि स्टॅक परत उभा राहीपर्यंत लाइनवरचे स्कॅनर, बिलिंग, कॅमेरे सगळं बंद. शिवाय मध्ये कुठे सेव्ह केलंत तर रीलोडनंतर तोच चुकीचा बदल परत येतो. ती वापरलीत तर काम झाल्यावर ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका.

जुनी फाइल परत आणताना आणखी एक मोठा सापळा. ‘कॉपी टीएफटीपी रनिंग-कॉन्फिग’ जुनी फाइल चालू कॉन्फिगवर ठेवत नाही, तिच्यात मिसळते. तुम्ही नव्याने घातलेल्या ओळी जुन्या फाइलमध्ये नाहीत म्हणून पुसल्या जात नाहीत. जसं होतं तसं हवं असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ वापरा. ती फरक काढून नको त्या ओळी हटवते.

बदलाची वेळ निवडतानाही स्थानिक वेळापत्रक बघा. कारखान्यात साप्ताहिक सुट्टीचा दिवस. द्राक्ष पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल निर्यातीच्या हंगामात स्टॅकला हात लावायचा नाही. प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअरचं तापमान नोंदवणारी यंत्रणा त्याच नेटवर्कवर असते. आणि २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातले रस्ते वाहनांना बंद होते हे लक्षात ठेवून २०२७ साठी सुटा स्विच आणि स्टॅक केबल आधीच साइटवर ठेवा.

७. बंद पडलेला मेंबर बदलताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून सावकाश वाचा. समजा तीन नंबरचा स्विच जळाला. बाकीचे दोन चालू आहेत.

(अ) ‘शो स्विच’मध्ये तीन नंबर आता काय दाखवतो ते बघा. रनिंग-कॉन्फिगमध्ये ‘स्विच ३ प्रोव्हिजन’ आणि पुढे मॉडेल अशी ओळ असायला हवी, आणि खाली ३/०/१ पासूनच्या पोर्टची सेटिंग. ती आहे हे बघा आणि लगेच ताजा बॅकअप घ्या. ‘नो स्विच ३ प्रोव्हिजन’ देऊ नका. काहीजण जळालेला स्विच यादीत नको म्हणून नीटनेटकेपणाने ही आज्ञा देतात आणि त्याबरोबर सगळ्या पोर्टची सेटिंग जाते.

(आ) बदली स्विच त्याच मॉडेलचा घ्या. तीन नंबर जुळला पण मॉडेल वेगळं निघालं, तर प्रोव्हिजनची ओळ नव्या मॉडेलप्रमाणे बदलते आणि पोर्ट मूळ, कोऱ्या सेटिंगवर येतात. २४ पोर्टचा आणि ४८ पोर्टचा, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) आणि बिनपीओई, हे वेगळेच मॉडेल धरले जातात.

(इ) बदली स्विच स्टॅकला जोडण्याआधी टेबलावर एकटा चालू करा. त्याची इमेज ‘शो व्हर्जन’ने बघून स्टॅकशी जुळवा. ‘राइट इरेज’ करा, व्हीलॅन डॉट डॅट डिलीट करा. मग नंबर आणि प्रायॉरिटी वेगळी तपासा, कारण इरेजने ती गेलेली नसते. प्रायॉरिटी १ करा. त्याचा सध्याचा नंबर १ असेल तर ‘स्विच १ रीनंबर ३’ द्या. ताकीद येईल, होय म्हणा. नंबर रीलोडनंतरच लागू होतो, म्हणून रीलोड करून ‘शो स्विच’मध्ये ३ दिसतोय याची खात्री करा.

(ई) आता त्याची पॉवर काढा. पूर्ण काढा, केबल हातात घ्या. रॅकमध्ये बसवा, स्टॅक केबल दोन्ही बाजूंनी घट्ट लावा, स्क्रू आवळा, आणि त्यानंतरच पॉवर द्या.

हा क्रम उलटा करू नका. चालू असलेला स्विच चालू स्टॅकला जोडला की दोन मास्टर समोरासमोर येतात आणि निवडणूक होते. हरलेल्या बाजूचे स्विच रीलोड होतात आणि जिंकलेल्याची कॉन्फिग घेतात. वापरलेल्या स्विचच्या पोटात १५ प्रायॉरिटी राहिली असेल, तर तो आलेला पाहुणाच मास्टर होऊ शकतो आणि तुमच्या चालू कारखान्याच्या स्टॅकवर त्याची कोरी कॉन्फिग येते. अंबडमधल्या एका युनिटमध्ये सेकंडहँड स्विच असा जोडल्यामुळे आख्खी शिफ्ट नेटशिवाय बसलेली मी पाहिली आहे. बॅकअप होता म्हणून दुपारपर्यंत सावरलं.

(उ) पॉवर दिल्यावर ‘शो स्विच’ पुन्हा पुन्हा देत बसा. आधी ‘इनिशियलायझिंग’, मग ‘रेडी’. ‘व्ही-मिसमॅच’ वर अडकला तर इमेज जुळवावी लागेल; ऑटो-अपग्रेड चालू असेल तर स्टॅक ते आपोआपही करतो, त्याला वेळ द्या, मध्येच पॉवर काढू नका.

(ऊ) रेडी झाल्यावर ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ काढून चौथ्या पायरीतल्या फाइलशी ताडून बघा. व्हीलॅन आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारे पोर्ट) जुळले की पॅच कॉर्ड एकेक करून लावा.

नंबर आधी न बदलता जोडलात तर काय होतं? त्याचा १ नंबर स्टॅकमध्ये आधीच कुणाकडे तरी असतो, म्हणून स्टॅक त्याला उपलब्ध असलेला नंबर देतो. तो चार आला, तर चार नंबरचे सगळे पोर्ट कोरे, आणि तीन नंबर ‘प्रोव्हिजन्ड’ म्हणून तसाच वाट बघत. घाबरून सेटिंग चारवर हाताने टाइप करू नका. ‘स्विच ४ रीनंबर ३’, मग फक्त तो मेंबर रीलोड करा, ‘रीलोड स्लॉट ४’. परत आल्यावर तो तीन नंबर घेतो आणि सेटिंगही घेतो. यानंतर रिकामी राहिलेली ‘स्विच ४ प्रोव्हिजन’ची ओळ काढून टाकायला हरकत नाही, पण दोनदा वाचून, चारच काढतोय ना हे बघून.

८. स्टॅक दुभंगला तर

स्टॅक केबल निघाल्या आणि दोन तुकडे झाले, तर दोन्ही तुकडे त्याच कॉन्फिगवर चालतात: तेच नाव, तोच आयपी. नेटवर्कमध्ये एकाच पत्त्याचे दोन धनी. पिंग कधी लागतो कधी नाही, एसएसएच कधी एका तुकड्यात शिरतं कधी दुसऱ्यात. अशा वेळी एसएसएचने कॉन्फिग बदलू नका, कुठल्या तुकड्यावर बदल होतोय ते कळत नाही. कन्सोल लावा, छोट्या तुकड्याची पॉवर काढा, केबल नीट बसवा, पॉवर द्या. बदल न करता जोडलं तर काही हरवत नाही.

९. एकदा रंगीत तालीम करा

परत उभं करून न बघितलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका. एक सुटा स्विच घ्या, लाइव्ह नेटवर्कला न जोडता बॅकअप त्यावर चढवा. लाइव्ह ट्रंकला जोडू नका याला कारण आहे: जुन्या व्हीलॅन डॉट डॅटमधला व्हीटीपी रिव्हिजन नंबर मोठा आणि डोमेन तेच असेल, तर व्हीटीपी १ आणि २ मध्ये तो तुमच्या चालू व्हीलॅनवर आपली यादी लादू शकतो.

फाइल ‘स्टार्टअप-कॉन्फिग’वर कॉपी करून रीलोड करा. रनिंगवर थेट ओतू नका, कारण ‘नो शटडाउन’ ही ओळ कॉन्फिगमध्ये छापली जात नाही. कोऱ्या स्विचचा व्हीलॅन १ इंटरफेस मुळात बंद असतो आणि मिसळल्यावर तो बंदच राहतो. बाकीच्या मेंबरांचे पोर्ट प्रोव्हिजनच्या ओळींमुळे कॉन्फिगमध्ये दिसतील, जागेवर नसले तरी. मग दुसऱ्या पायरीतली यादी घेऊन बसा: व्हीलॅन आल्या का, एसएसएचची की करावी लागली का, लायसन्स काय म्हणतंय. जे कमी पडलं ते मजकूर-फाइलमध्ये भरा.

तालीम झाल्यावर त्या स्विचची प्रायॉरिटी १ आहे ना ते बघा, त्याला पुन्हा कोरा करा आणि वर टेपने चिकटवा: मॉडेल, इमेजचं व्हर्जन, सध्याचा मेंबर नंबर, तारीख. कन्सोल केबल आणि एक सुटी स्टॅक केबल त्याच खोक्यात ठेवा, आणि खोकं कुठे आहे ते दुसऱ्या शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनलाही दाखवून ठेवा.